सावडीचा अर्धा दिवस

शहापूरच्या बाजारात पिठाच्या गिरणीवर माझा एका खोलीचा स्टुडिओ आहे. खाली गिरणी चालू असली की कॅमेऱ्याचा स्टँड बारीक थरथरतो. त्यामुळे महत्त्वाचा फोटो असला की मी जिन्यातून ओरडतो, "दोन मिनिटं थांबव रे!" आणि गिरणीवाला थांबवतो. खाली रांगेत उभ्या असलेल्या बायका मला काय म्हणत असतील ते मी कधी ऐकायला गेलो नाही. या खोलीत मी जे काही कमावलं ते असं लोकांच्या थांबण्यावर कमावलं, हे मला फार उशिरा कळलं. ते ज्यांच्यामुळे कळलं त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

लग्नसराईत मी लग्नं करतो. बाकीच्या महिन्यांत साडीची दुकानं, ब्यूटी पार्लरवाल्या, खोटे दागिने विकणारे यांच्यासाठी फोटो काढतो. पूर्वी दुकानदार मुंबईहून आलेले तयार फोटो लावायचे. आता प्रत्येकाला आपला माल मोबाइलवर दाखवायचा असतो आणि तो आपल्याकडच्या बाईच्या अंगावर दिसायला हवा असतो. म्हणून मला मॉडेल लागतात. मॉडेल म्हणजे वाशिंद, आटगाव, मुरबाडकडच्या कॉलेजातल्या मुली, एखादी नवी सून, पार्लरमध्ये शिकणारी कोणी.

या धंद्यात सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे तारीख. सुरुवातीला मुली हो म्हणायच्या आणि आयत्या वेळी यायच्या नाहीत. कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचा पेपर, कोणाच्या भावाला अचानक अब्रू आठवायची. मी दुकानदाराच्या शिव्या खायचो. मग मी ॲडव्हान्सची पद्धत सुरू केली. तारीख धरताना मुलीला थोडे पैसे आधी द्यायचे. तिने रद्द केलं तर तिने ते परत करायचे. आमच्याकडून रद्द झालं तर ते तिचेच. असं करणारे आमच्या भागात फारसे कोणी नव्हते. मला त्याचा गर्व होता, हे मान्य करतो. आपण सरळ माणूस आहोत असं मी चारचौघांत सांगायचो.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती सरळगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातली. मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा आली तेव्हा कोपऱ्यात नुसती बसून होती. मैत्रीण लाजून लाजून बेजार झाली, तेव्हा मी हिला म्हटलं, तू उभी राहून बघ. ती उभी राहिली आणि उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तशी कॅमेऱ्याकडे बघायला लागली. मी चक्क म्हणालो, "सॉरी." सगळे हसले. तो फोटो साडीच्या दुकानाच्या शेठने मोठा करून दुकानात लावला आणि ती साडी दसऱ्याआधीच संपली.

घरून तिला परवानगी सहज मिळाली नव्हती. तिचे वडील शेतकरी, माझ्याच वयाचे. मी त्यांना भेटायला गेलो होतो. ओटीवर बसवून त्यांनी चहा दिला आणि तीन गोष्टी सांगितल्या. फोटो आधी तिच्या आईला दाखवायचे. शेवटची जीप चुकायची नाही. "आनि तिसरं म्हंजे, शब्द दिला का दिला. आमच्यात फिरवत नाय." मी ॲडव्हान्सची पद्धत समजावली. ते ऐकत होते, पण त्यांना ती फारशी पटलेली दिसली नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शेठने नव्या साड्यांचं शूट ठरवलं. मी मुलीला ॲडव्हान्स दिला. त्याच सुमारास मी तिचे फोटो कल्याणच्या एका मोठ्या दुकानाला दाखवले होते. त्यांना लग्नसराईच्या कॅटलॉगसाठी ती हवी होती. सलग काम होतं आणि आठवडाभरात ॲडव्हान्स घेऊन होकार कळवायचा होता. तिने घरी अजून विचारलं नव्हतं. "शेठचं शूट झालं की सांगते सर. बाबा खूश असतील तेव्हा," असं म्हणाली होती. तिला ते काम किती हवं होतं ते मला ठाऊक होतं. शहापूर-मुरबाडच्या बाहेर तिला तिच्या कामासाठी कोणी पहिल्यांदाच बोलावत होतं.

शूटच्या आदल्या संध्याकाळी शेठचा फोन आला. सुरतेचा माल अडकला होता. "उद्याचं कॅन्सल रे. तिचा ॲडव्हान्स राहू दे तिलाच, मी देतो." मी मुलीला मेसेज टाकला आणि जेवायला बसलो.

बायकोने विचारलं, "कळवलंत का पोरीला?"

"मेसेज टाकलाय."

"एक टिक का दोन?"

मी बघितलं. एकच होती. "जाईल थोड्या वेळात."

"अहो, तिच्या गावात पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. तुम्हीच सांगितलंत ना? किराणावाल्याला फोन लावा, तो निरोप देईल."

किराणावाल्याचा नंबर माझ्याकडे होता. पण त्याला सांगायचं म्हणजे त्याने वडिलांना सांगायचं, मग वडील फोनवर येणार, मग शब्द फिरवला हे मला माझ्या तोंडाने सांगावं लागणार. मला ते नको होतं. मी एका टिकेच्या भरवशावर झोपलो. यात माझ्याकडून काही फार मोठं पाप झालं असं कोणी म्हणणार नाही. पण मला माझं मन माहीत आहे. मी त्या टिकेच्या मागे लपलो होतो.

सकाळी फोन आला. "सर, मी स्टँडवर हाय."

मी धावत गेलो. ती बाकावर बसली होती. मांडीवर ब्लाउज, परकर, पिना भरलेली पिशवी. मला बघून हसली. "तुमचा मेसेज किन्हवलीला आला सर. म्हटलं आता मधेच उतरून काय करू? परत जायची गाडी शहापूरवरूनच मिळनार."

मी चहा घेतला, वडापाव घेतला, चार वेळा माफी मागितली. म्हणालो, ॲडव्हान्स तुझाच आहे, नियमाप्रमाणे.

"तो माझा हाय हो," ती वडापावचा कागद दुमडत म्हणाली, "पन आजचा दिवस माझा नव्हता ना."

मग तिने सांगितलं ते असं. कापणीचे दिवस होते. त्यांच्या गावात अजूनही सावड चालते. आज तुमच्या घरची माणसं आमच्या शेतात कापायला, उद्या आमची तुमच्या शेतात. मजुरी नाही, दिवसाला दिवस. शेजारच्या एका आजीच्या घरातली माणसं हिच्या शेतात येऊन गेली होती आणि आज तो दिवस फेडायचा होता. आईवडील गेले होते. तिसरं माणूस म्हणून हिने जायचं होतं. तिने शूटसाठी वडिलांची समजूत काढली आणि वडिलांनी आजीच्या दारात जाऊन सांगितलं, पोरीचा दिवस राहू दे, तिनं शहापूरला शब्द दिलाय.

"आता मी दुपारी घरी जानार. शेतात बी नाय आनि फोटोत बी नाय," ती म्हणाली आणि गाडी लागली म्हणून उठली.

तिसऱ्या दिवशी मुरबाडकडचा एक जीपवाला जिना चढून आला. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. माझाच ॲडव्हान्स होता. "पोरीच्या बाबांनी दिलाय, भाऊंनी. म्हनाले, पोरीनं काम केलं नाय तर पैसं कसले ठेवायचे. आनि पोरगी आता येनार नाय म्हनाले."

"अरे पण हे तिचे आहेत! रद्द आमच्याकडून झालं."

"ते मला काय सांगू नका बुवा," जीपवाला म्हणाला. "मी पिशवी आनली. मला तर त्यांनी चहा बी नाय पाजला आज, येवढे घुश्शात हायेत."

मला खरं तर राग आला. माझ्या अभिमानाची एकुलती एक गोष्ट त्या पिशवीतून परत आली होती. रात्री बायकोला म्हणालो, "उद्या जाऊन त्यांना नियम नीट समजावून सांगतो."

बायको आटगावजवळच्या शेतकरी घरातली. ती भांडी पुसत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. "समजावू बिमजावू नका. विळा घेऊन जा."

"मी?"

"नाहीतर काय कॅमेरा? दिवस तुम्ही बुडवलात. सावडीला माणसाच्या बदल्यात दुसरं माणूस चालतं."

विळा तिच्या माहेरचा होता, माळ्यावर. तिने तो काढून गोणपाटात गुंडाळून दिला. मी कॅमेराही घेतला. शेतातले सोनेरी फोटो मिळाले तर मिळाले, असं मनात होतंच. माणूस प्रायश्चित्ताला निघतो तेव्हाही पिशवीत काय काय घेऊन निघतो!

किन्हवलीवरून सरळगावला आलो, पुढे गाव गाठलं तेव्हा सगळी मंडळी आजीच्या शेतात होती. ओढ्याकडेचा शेवटचा तुकडा कापायचा राहिला होता. मला बांधावर बघून मुलगी उभी राहिली आणि तिने लगेच वडिलांकडे बघितलं. वडिलांनी मान वर केली नाही.

आजी म्हणजे काटकुळी, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. "कोन रे तो? विमावाला का?"

"फोटोवाला हाय गो आजी," मुलगी म्हणाली. "शहापूरचा."

"मग फोटो काढ म्हनाव. हातात विळा कशाला धरलाय?"

मी म्हणालो, "आजी, हिचा दिवस माझ्यामुळे बुडाला. तिच्या बदल्यात मी आलोय."

सगळे विळे थांबले. मग आजी हसायला लागली आणि तिच्याबरोबर सगळं शेत. "आगं बाई! येवढ्या पोटाचा मानूस, हा वाकनार कुठून? आनि सावडीला घरातला मानूस लागतो रे बाबा. असा वाटेवरचा नाय चालत. हा यांच्या घरातला कधी झाला?"

मी चुलत-मावस काहीही नव्हतो. मला घरातला म्हणणं फक्त एकाच माणसाच्या हातात होतं आणि तो माणूस माझ्याकडे पाठ करून कापत होता. मी बांधावर तसाच उभा. परत फिरावं का, असा विचार करत होतो. मुलीने चेहरा फिरवला होता. कल्याणला होकार कळवायला आता जेमतेम दोन दिवस उरले होते, हे त्या शेतात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

वडिलांनी हातातली भाताची मूठ खाली ठेवली. घाम पुसला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आजच्या दिवस धर घरातला."

एवढंच. त्या चार शब्दांचं माझ्यावर केवढं ऋण आहे ते मला कधी नीट सांगता आलेलं नाही.

मी शेतात उतरलो. पुढे जे झालं त्याला कापणी म्हणणं कठीण आहे. मुलगी शेजारच्या ओळीत होती आणि मी स्टुडिओत तिला जे सांगत आलो तेच ती मला मोठ्याने ऐकवत होती. वडिलांसमोर मी 'सर'चा 'काका' झालो होतो. "काका, खांदे सैल. गुडघ्यात वाका, कमरेत नको. हां, आता श्वास सोडा. हनुवटी खाली. हलू नका, छान दिसताय!" बायका विळे टेकून हसत होत्या.

आजी मागून तपासत आली. "येवढी धसकटं ठेवलीस? माझ्या गुरांनी पेंढ्याच्या जागी काय तुझे फोटू खायाचे? खालून काप रे, खालून."

दुपारी जांभळीखाली जेवण. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. वडिलांनी माझ्या पानात दुसरी भाकरी टाकली, न विचारता. मी धीर करून म्हणालो, "भाऊ, मी फोन करायला पाहिजे होता. किराणावाल्याचा नंबर होता माझ्याकडे."

"होता?" ते म्हणाले.

"होता. तुम्ही बोलाल म्हणून नाही केला."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बोललो असतो," म्हणाले. "मग पोरगी शेतात आली असती. येवढंच झालं असतं."

इतकं सोपं होतं ते. त्यांच्या त्या बोलण्यात राग नव्हता आणि म्हणूनच मला मान वर करवेना. मग मुलीनेच मला सोडवलं. तिने विचारलं, "काका, पिशवीत कॅमेरा हाय ना? गाडीवरून उतरताना दिसला." मी ओशाळलो. "आज तो बाहेर काढायचा नाय. आज तुमी मॉडेल," असं म्हणून तिने आपल्या मोबाइलवर माझा फोटो काढला. हातात विळा, कपाळाला चिकटलेले केस, तोंडात भाकरी.

जेवणानंतर मी उठायला गेलो तो उठूच शकलो नाही. कंबर धरली होती. मला जांभळीखाली आडवं केलं आणि बाकीच्यांनी तुकडा संपवला. संध्याकाळी आजी माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली. "अर्धाच दिवस झाला तुझा. अर्धा राहिला. झोडनीला ये."

"येतो आजी."

"याचा अर्धा दिवस राहिलाय, ध्यानात ठेवा रे," तिने सगळ्यांना ऐकवलं. मुलीने त्याच वेळी वडिलांजवळ जाऊन कल्याणचं सांगितलं. मला आडवं पडल्या पडल्या सगळं ऐकू येत होतं. वडिलांनी बरेच प्रश्न विचारले. कुठं राहायचं, कोण बाया असतील, आईला बरोबर नेता येईल का. शेवटी म्हणाले, "घे ॲडव्हान्स. पन तारीख झोडनी बघून धर. आजीला आधी इचार."

कल्याणच्या मॅनेजरला मी फोनवर सांगितलं की झोडणी झाल्यावरची तारीख हवी. "झोडणी म्हणजे काय हो?" त्याने विचारलं. मी सांगितलं, कापलेलं भात झोडून दाणे वेगळे करतात ते. तो म्हणाला, बरं, आठवडा पुढे घेऊ. तारीख बदला म्हणायला मी उगाच किती वर्षं घाबरत होतो!

झोडणीला मात्र मला जाता आलं नाही. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. माझ्या जागी बायको गेली आणि दिवसभर खळ्यावर राबून आली. येताना आजीचा निरोप घेऊन आली. "म्हणाल्या, त्याचा अर्धा राहिला तो राहिलाच. तुझा आख्खा दिवस आता माझ्यावर."

आम्ही हसलो आणि विसरलो. पण आजी विसरली नव्हती. शेठचा अडकलेला माल शेवटी आला आणि त्याचं शूट ठरलं. मुलगी आली. तिच्या मागून जिना चढत, दर पायरीला गुडघ्यावर हात ठेवत, आजी आली. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं.

"हिच्या बायकोचा दिवस फेडायला आले. काय काम असल ते सांग."

"याच्या बायकोचा, आजी," मुलगी म्हणाली.

"तेच गो. सांग रे, झाडू कुठं हाय?"

झाडू मी दिला नाही. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पाडायला एक मोठी चंदेरी तबकडी असते, ती तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि सूप धरावं तशी दोन्ही हातांनी धरली. थोडी हलवली, तसा उजेड मुलीच्या गालावरून सरकत डोळ्यांपर्यंत आला. "आसा?" "असाच आजी, धरून ठेवा." ती इतकी निश्चल उभी राहिली की त्या दिवशी मला गिरणी थांबवायचीसुद्धा आठवण झाली नाही. संध्याकाळी मी पैसे पुढे केले तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

आता मी कोणत्याही मुलीची तारीख धरण्याआधी विचारतो, त्या दिवशी घरी काही आहे का, कोणाचा दिवस फेडायचा आहे का. ॲडव्हान्स अजून देतो. पण शूट आमच्याकडून रद्द झालं तर ॲडव्हान्सवर भागत नाही. मी तिला एक दिवस देणं लागतो. तिने तो कधीही मागावा. कोणी स्वतःचे फोटो काढून घेते, कोणी आजोबांचे, एकीने बहिणीचं डोहाळजेवण मागितलं. आणि मेसेजवर मी काही रद्द करत नाही. फोन करतो आणि समोरचं माणूस काय बोलेल ते ऐकून घेतो. बहुतेक वेळा फारसं बोलत नाहीत.

ती मुलगी कल्याणचं तिसरं कॅटलॉग करते आहे. तिने काढलेला माझा तो फोटो मी मोठा करून स्टुडिओत लावला आहे. गिऱ्हाईक विचारतात, हा कोण? मी सांगतो, मॉडेल.

माझा अर्धा दिवस मात्र अजून बाकी आहे. कापणी आली की मी आजीला विचारतो, येऊ का फेडायला? दर वेळी ती म्हणते, "ये. पन वाकू नको. बांधावर बस आनि जेवून जा." जेवून निघताना मी विचारतो, मग आता फिटला ना आजी?

"बसून कुठं दिवस फिटतो रे?" असं म्हणून ती माझ्या गाडीच्या डिकीत तांदूळ ठेवते.